तिझानच्या पुडीत आजीचे ज्ञान मावते काय?

पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारातील तिझानची दुकाने आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहेत. सुकवलेल्या पानांच्या जुड्या, सालींचे तुकडे, मुळ्या आणि त्यांच्यावर टांगलेल्या पाट्या: मुतखडा, सांधेदुखी, मधुमेह, लठ्ठपणा, निद्रानाश. गिऱ्हाईक येते, पाटीवर बोट ठेवते, पुडी घेते, पैसे देते आणि बस गाठायला निघून जाते. काही जुने विक्रेते अजून दोन प्रश्न विचारतात, पानांची ओळखही त्यांना उत्तम असते, हे आम्ही जाणतो आणि त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. परंतु बहुतेक वेळा विकणाऱ्याने काही विचारलेले नसते आणि घेणाऱ्याने काही सांगितलेले नसते. दोन-तीन मिनिटांच्या या व्यवहाराला आज आपल्या बेटावर ‘पारंपरिक औषध’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. आमचे म्हणणे असे की त्यात परंपरा फारच थोडी उरली आहे.

हे वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की आम्ही झाडपाल्याच्या विरोधात लेखणी उचलली आहे. उलट, ज्या घरात आयापानाचे रोप नाही ते घर आम्हाला थोडे ओकेबोके वाटते. पण मान राखायचा तर तो पुरता राखावा. रोग आणि पाला यांची जोडी लावून घोकलेली यादी म्हणजे वनौषधीचे ज्ञान नव्हे. शाळेत एखाद्या मुलाने सगळी उत्तरे पाठ केली आणि प्रश्नच वाचला नाही, तर आपण त्याला किती गुण देऊ?

आपल्या आजीचा बटवा कसा भरला गेला, हे एकदा आठवून पाहावे. १८३४ नंतर मजुरांची जहाजे या बेटाला लागू लागली आणि रत्नागिरी व आसपासच्या मुलखातून आपली माणसेही मुंबई बंदरावरून इकडे आली. त्यांच्या डोक्यात कोकणची झाडे होती, पायाखाली मात्र परकी जमीन. काही ओळखीचे येथेही भेटले: तुळस, हळद, शेवगा, दूर्वा, कारले. काही मुळीच भेटले नाही. मग शेजारच्या क्रेओल बाईकडून, मालागासी वंशाच्या म्हाताऱ्याकडून, तमिळ वा भोजपुरी बोलणाऱ्या सोबतिणीकडून त्यांनी नवी पाने शिकून घेतली. पोटदुखीवर आपण ज्या आयापानाचे पाणी पितो, ती वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. ती आपल्या आजीला कोणत्या पोथीत सापडली असेल? शेजाराच्या ओळखीतूनच ती घरात आली. म्हणून ‘आपले आयुर्वेदिक तेवढे खरे’ असा अभिमान बाळगणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे. आपल्या घरातील औषध हे या बेटावरच्या सगळ्या लोकांचे मिळून झालेले आहे.

विद्वानांनीही या ज्ञानाकडे पाठ फिरवली नव्हती. लुई बुतों यांनी १८५७ साली मॉरिशसच्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिले, क्लेमां दारुती यांचे १८८६ साली आले. रेद्वी येथे १९६० साली मॉरिशस हर्बेरियम उभे राहिले. तेथे बेटावरच्या वनस्पतींचे वाळवून, नाव लावून ठेवलेले नमुने आहेत. त्यानंतर १९९० च्या दशकात श्रीमती अमीना गरीब-फकीम आणि श्री. जोझेफ गेओ यांनी मॉरिशसच्या औषधी वनस्पतींवर तीन खंडांचा फ्रेंच ग्रंथ सिद्ध केला. त्याच विदुषी पुढे २०१५ ते २०१८ या काळात आपल्या देशाच्या राष्ट्राध्यक्षा होत्या. तेव्हा हा विषय अडाण्यांचा आहे, असे नाक मुरडणाऱ्या आपल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी आधी ती पुस्तके उघडून पाहावीत.

आता आजी काय करीत असे ते पाहू. पोट दुखते म्हणून कोणी तिच्याकडे गेले, तर ती प्रथम पानाकडे जात नसे. ती माणसाकडे पाही. जीभ दाखव म्हणे. काल काय खाल्लेस, शौचाला केव्हा झाली, झोप लागली का, कोणाशी भांडण झाले का, असे एकामागून एक प्रश्न येत. बाई असेल तर दिवस गेले आहेत का, हे ती हळूच कानात विचारी, कारण गरोदर बाईला कित्येक पाले वर्ज्य, हे तिला पक्के ठाऊक असे. मग ती स्वतः अंगणात जाई. कोवळे पान की जून, हे तीच ठरवी. औषधाबरोबर पथ्य येई: आज भात नको, पेज घे, तेलकट बंद. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौकशीला येई. तिसऱ्या दिवशी गुण नसला तर ‘आता डाक्तराकडे ने’ असे तीच सांगे. पान हा या सगळ्याचा एक भाग होता, बहुधा लहानसाच. आज आपण तेवढे पान ठेवले आणि बाकीचे सोडून दिले.

सोडलेल्यात पहिली वस्तू म्हणजे ओळख. नावावर विसंबणे किती धोक्याचे, हे आपल्या बेटावर तरी वेगळे सांगायला नको. येथे दुकानात ‘साफ्रां’ मागितले तर हळद मिळते. फ्रान्सहून आलेला पाहुणा मात्र त्याच शब्दाने केशर समजतो. स्वयंपाकात अशी गफलत झाली तर आमटी बिघडेल, एवढेच. औषधात मात्र प्रकरण गंभीर होते. भारतातच ‘ब्राह्मी’ या एका नावाने दोन अगदी निराळ्या वनस्पती विकल्या जातात. एक पाणथळ जागेतली, मांसल बारीक पानांची. दुसरी गोल पानांची, जिला कोकणात कारिवणा म्हणतात आणि आपण येथे बेविलाक्वा म्हणतो. कडुनिंब आणि बकाण निंब यांचेही तेच. दोन्ही झाडे एका कुळातली आणि दिसायला जवळची. परंतु बकाणाची पिवळी फळे विषारी असतात. ती खाऊन माणसे व जनावरे दगावल्याची नोंद आहे. पाने वेगळी ओळखायची खूण अगदी सोपी आहे. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले, त्याच्या पात्या विळ्यासारख्या किंचित वाकड्या. बकाणाचे पान दोनदा-तीनदा विभागलेले. आठवीच्या मुलाला हे एका तासात शिकवता येते, पण त्यासाठी डहाळी हातात असावी लागते. सुकवून चुरा केलेल्या पुडीवरून हे कोणाला कळणार?

ब्रसेल्स शहरात १९९० च्या दशकाच्या आरंभी काय झाले, ते येथे सांगितलेच पाहिजे. वजन कमी करण्यासाठी तेथील बायका चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेत होत्या. दोन वनस्पतींची चिनी नावे सारखी असल्यामुळे एकीच्या जागी भलतीच, अरिस्टोलोकिया जातीची, वनस्पती गोळ्यांत गेली. शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. गोळ्या देण्याची जागा स्वच्छ होती, कागदपत्रे नीट होती, नुसते नाव चुकले होते.

दुसरी वस्तू म्हणजे बनवण्याची रीत आणि माप. आपल्याकडे हल्ली सगळेच ‘उकळून प्या’ असते. वास्तविक जुन्या वैद्यकाने पाच रीती वेगळ्या सांगितल्या आहेत: अंगरस, वाटून केलेला गोळा, काढा, रात्रभर थंड पाण्यात भिजवून घेतलेले पाणी, आणि वरून कढत पाणी ओतून झाकून ठेवलेला फांट. यामागे कारण आहे. गवती चहा, म्हणजे आपली सित्रोनेल, किंवा आयापान यांचा गुण त्यांच्या सुवासिक तेलात असतो. ती उघड्या भांड्यात अर्धा तास खळखळवली तर स्वयंपाकघराला छान वास येतो आणि कपात फारसे काही राहत नाही. त्यांवर कढत पाणी ओतावे, झाकण ठेवावे, दहा मिनिटांनी गाळावे. साल आणि मुळी यांचा स्वभाव उलटा, त्यांना आच हवी. शार्ङ्गधराने सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरवायला सांगितला आहे. आमच्या आजीला शार्ङ्गधर हे नावही ठाऊक नव्हते, पण पातेल्याच्या आत ती काडी उभी करून पाण्याची खूण पाही.

मापाबद्दल एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्या जेवणाच्या ताटातले आहे. बिलिंबीचे लोणचे आपण सगळेच खातो आणि त्यात वाईट काही नाही. केरळात काही लोकांनी रक्तातील चरबी उतरावी म्हणून बिलिंबीचा रस पेलाभरून प्यायला सुरुवात केली. त्या फळात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. मूत्रपिंडात त्याचे खडे साचले. अशा दहा रुग्णांची हकीकत तेथील डॉक्टरांनी २०१३ साली प्रसिद्ध केली असून त्यांतील बहुतेकांना डायलिसिसवर ठेवावे लागले. तेच फळ आणि तोच हेतू, परंतु ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ हा प्रश्न कोणी उत्तराची वाट न पाहता विचारला होता.

हे सगळे आम्ही आज लिहीत आहोत त्याचे खरे कारण साखरेचा आजार. मॉरिशसमध्ये दर पाच प्रौढांमागे साधारण एकाला मधुमेह आहे. आपल्या मराठी कुटुंबांत लग्नाच्या पंगतीला बसलेल्यांपैकी कितीजण मिठाई बाजूला सारतात, ते मोजले की हा आकडा पटतो. आणि तिझानच्या पाट्यांवर मधुमेहाची पाटी सर्वांत मोठी असते. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी बाजारातील पुडी सुरू केली आणि दवाखान्यातील गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. दोन महिने त्यांना ‘अगदी हलके’ वाटत होते. या आजाराची लबाडी हीच आहे की साखर चढलेली असताना माणसाला पुष्कळदा काही जाणवतच नाही. पायाला झालेली लहानशी जखम भरेना, तेव्हा लेकीने त्यांना इस्पितळात नेले. पायाची दोन बोटे गेली. ती लेक आम्हाला म्हणाली, ‘गुरुजी, बाबांना कोणी फसवले असे मी म्हणत नाही. त्यांना कोणी काही विचारलेच नाही.’ यापुढे आम्ही काय बोलणार?

याच्या उलट प्रकारही घडतो. कोणी गोळ्या चालू ठेवतो आणि शिवाय सकाळी उपाशीपोटी मार्गोझचा, म्हणजे कारल्याचा, रस पितो. कारल्याने साखर थोडी उतरते, काही जातींच्या गोळ्यांनी पुष्कळ उतरते. दोन्ही मिळून ती एवढी खाली येऊ शकते की माणूस घामाघूम होऊन पडतो. अशा वेळी डॉक्टरांना कारल्याविषयी कोणी सांगितलेलेच नसते. का सांगत नाहीत? कारण सांगितले की ते रागावतात! येथे आम्हाला डॉक्टर मंडळींनाही दोन शब्द सुनवायचे आहेत. रोगी घरी काय पितो हे शांतपणे विचारणे हा तपासणीचाच भाग आहे. ज्याला हसू येईल त्याच्यापुढे कोण कबुली देईल? आणि हसण्याजोगे तरी काय आहे? ज्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या आपल्या दवाखान्यातून दिल्या जातात, तिचा वंश गॅलेगा नावाच्या युरोपातील एका रानवनस्पतीपर्यंत पोहोचतो. तिच्यातील द्रव्याच्या अभ्यासातूनच पुढे हे औषध घडले आणि १९५७ साली पॅरिसचे डॉक्टर झां स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरात आणले. मूळ वनस्पती गुरांना विषारी होती. तिच्यातील विष दूर सारून गुण तेवढा राखायला शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे लागली.

सदाफुलीची गोष्ट तर आपल्या शेजारच्या मादागास्करची. गुलाबी-पांढऱ्या फुलांचे हे झुडूप आपल्या अंगणात आणि स्मशानाच्या कडेला आपोआप उगवते. अनेक देशांत तिच्या पाल्याचा काढा मधुमेहावर पीत असत. कॅनडातील संशोधकांनी १९५० च्या दशकात तो तपासला. उंदरांची साखर उतरली नाही, पण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी भराभर कमी झाल्या. त्यातूनच रक्ताच्या कर्करोगावरची मोठी औषधे निघाली आणि त्यांनी असंख्य मुलांचे प्राण वाचवले. आता याच सदाफुलीची पाने कोणी रोज सकाळी चावून खात असेल, तर तो नेमके काय खातो आहे याचा विचार वाचकांनीच करावा.

मग करायचे काय? कायदा आहे. १९८९ साली आयुर्वेद व इतर पारंपरिक वैद्यकासंबंधीचा कायदा झाला, नोंदणीकृत वैद्य आहेत, सरकारी आरोग्यसेवेतही आयुर्वेदाचे उपचार मिळतात. मोठ्या आजारासाठी तेथे जावे, आणि एका वैद्याने दिलेले दुसऱ्यापासून लपवू नये. परंतु घरगुती ज्ञानाची सोय कायद्याने होत नाही. ती कुटुंबात आणि वर्गातच व्हायची. त्यातही आपल्याला, मराठी शिकवणाऱ्यांना, एक आयती संधी दरवर्षी चालून येते आणि आपण ती दवडतो.

गणेश चतुर्थीच्या पूजेत एकवीस पत्री येतात. माका, बेल, दूर्वा, बोर, धोतरा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, डाळिंब, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, हादगा आणि इतर. पुरोहित एकेक नाव उच्चारतो आणि आपण प्रत्येक नावाला दूर्वाच वाहतो, कारण बाकीची पाने ओळखता येत नाहीत. (देवदार येथे कोठून आणायचा, हे आम्हीही विचारणार नाही. तो हिमालयातच बरा.) वास्तविक ही यादी म्हणजे मुलांसाठी तयार अभ्यासक्रम आहे. तीत औषध आहे आणि विषही आहे. कण्हेर, म्हणजे आपल्या रस्त्यांच्या कडेची लोरिए-रोझ, हृदयाची गती बिघडवते. तिची थोडी पानेही मुलाच्या जिवावर बेतू शकतात. धोतऱ्याने भ्रम होतो, जीव जाऊ शकतो. ही पाने देवाला वाहायची आहेत, पोटात घ्यायची नाहीत, हे पूजेत सांगितले जात नाही. ते वर्गात सांगावे लागेल. आणि दूर्वा? बाजारात ‘शियांदां’ म्हणून तिझानच्या पुडीत घालून विकतात ती हीच. आमच्या वर्गातील मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. घरी देवापुढची दूर्वा एक आणि बाजारातला शियांदां दुसरा, असेच ती समजत होती. नावांच्या दोन कप्प्यांत एकच गवत!

काही पालक म्हणतील की परीक्षेत याचे गुण मिळत नाहीत. खरे आहे, मिळत नाहीत. काही म्हणतील, आजीला लॅटिन नावे कुठे येत होती? येत नव्हती, पण ती एकाच टेकडीवर पन्नास वर्षे राहिली आणि तेच झुडूप तिने फुलताना, फळताना, वाळताना पाहिले. आपली मुले सदनिकेत राहतात. त्यांना त्या पन्नास वर्षांच्या बदल्यात काहीतरी द्यावेच लागेल, आणि शास्त्रीय नाव ही त्यातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

एक इशारा जाता जाता. उत्साहाच्या भरात कोणी मुलांना घेऊन रानात साली सोलायला जाऊ नये. बेटावरचे चांगले मूळ अरण्य दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. काळ्या नदीच्या खोऱ्यातले राष्ट्रीय उद्यान १९९४ साली झाले, तेथील पानालाही हात लावायचा नाही. साल काढलेले झाड बहुधा मरते, आणि बाजारात सालीला मागणी वाढली की झाडाचे काय होते, हे तेथील उघडी बुंधे पाहून कळते. मुलांना दाखवण्यासाठी पाम्प्लेमूसची बाग आहे, आणि अंगणे आहेत.

तेव्हा आमची सूचना अशी. येत्या चतुर्थीच्या आधीच्या दोन शनिवारी, ज्या ज्या मंडळांत आणि देवळांत मराठीचे वर्ग भरतात, तेथे मुलांनी आपापल्या अंगणातून जेवढ्या पत्री मिळतील तेवढ्या फुलाफळासकट आणाव्यात आणि घरातील एका वडीलधाऱ्या बाईला बरोबर आणावे. आजी, आत्या, मावशी, कोणीही चालेल. प्रत्येक पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवावे, वहीत चिकटवावे आणि खाली लिहावे: मराठी नाव, क्रेओल नाव, शास्त्रीय नाव, कोठे मिळाले, कोणत्या महिन्यात, आजी ते कशासाठी देत असे, कोणाला देत नसे, आणि किती. ‘कोणाला देत नसे’ हा रकाना रिकामा ठेवू देऊ नये. ज्या पानाची खात्री होणार नाही, त्याचा नमुना शिक्षकांनी जाणकाराला दाखवावा. विषारी पानांपुढे तांबड्या शाईने खूण करावी. सुरुवात माक्याने करावी असे आम्हाला वाटते: ओल्या गटाराच्या कडेला तो सर्वत्र उगवतो, त्याला पांढरी बारीक फुले असतात, आणि देठ मोडून चोळला की बोटे काळी होतात. लहान मुलांना ते फार आवडते.